‘सख्खी भावंडं’ या रकान्यातली दुरुस्ती

गेल्या वर्षी एका संशोधनाच्या फॉर्मवर मी चुकीची माहिती दिली. ती नंतर दुरुस्त करून घेतली, पण दुरुस्ती का करावी लागली हे लिहायला त्या फॉर्मवर जागा नव्हती. म्हणून इथे लिहितो आहे. मी एकाहत्तर वर्षांचा आहे आणि नोकरीची बत्तीस वर्षं क्वालिटीत काढली आहेत. नोंद चुकली की काय होतं हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

आधी चिंचवडच्या कारखान्यात आणि पुढे त्याच मालकाच्या चाकणच्या प्लँटमध्ये मी इन्स्पेक्टर होतो. माल म्हणजे गिअरबॉक्सचे सुटे भाग. प्रत्येक भागाच्या भोकात गेज घालून पाहायचा. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दिवसभर एवढंच काम. गेज वापरून वापरून झिजतो आणि झिजलेला गेज खराब माल चांगला म्हणून सोडून देतो. एकदा असा गेज आठवडाभर माझ्याच हातात होता. आठवड्याचा सगळा माल परत आला आणि मला लेखी समज मिळाली. गेज दिसायला अगदी नव्यासारखा होता.

आमच्याच लाइनवर लेथला एक ऑपरेटर होता. तो मला दादा म्हणायचा. आमची आडनावं वेगळी, वडिलांची नावंही वेगळी. कुणी विचारलं तर मी “मामेभाऊ” म्हणून सांगायचो. तो माझा सख्खा भाऊ.

आमचं गाव माण तालुक्यातलं. मामाला मूल नव्हतं. मी सहा वर्षांचा आणि तो दीड वर्षाचा असताना आईने त्याला मामीच्या ओटीत घातलं. त्या दिवसापासून आई त्याची आत्या झाली आणि मी मामेभाऊ. यात कुणाचा गुन्हा नव्हता. मामा-मामींनी त्याला नीट वाढवलं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. गावात असली गोष्ट लपत नाही, म्हणून कुणी ती लपवायला जात नाही. आम्ही चिंचवडला आलो तेव्हा ती आपोआप लपली. इथे जो तो कुठून तरी आलेला, आणि भरतीच्या कागदावर असेल ते खरं. माझ्या बायकोला माहीत होतं. मुलाला कधी सांगितलं नाही. सांगायची वेळ आली नाही, असं मी समजत होतो.

आई गेली तेव्हा आम्ही दोघं एकाच शिफ्टला होतो. आई-वडील गेले तर कंपनी रजा द्यायची. आत्या गेली तर काही नाही. तो माझ्या टेबलापाशी आला.

“दादा, पर्सनलच्या हापिसात एक चिठ्ठी दे. माजी बी आईच हाय म्हणावं. तुज्या सहीला वजन हाय हितं.”

“कागदावर आत्या आहे,” मी म्हणालो. “उद्या चौकशी झाली तर?”

“कोण करतंय चौकशी?”

“खोटं लिहून देता येत नाही.”

तो “बरं” म्हणाला. मातीला तो आला आणि तिसऱ्या दिवशी परत मशीनवर उभा होता. मी गावाकडे दहावं, तेरावं सगळं करून, डोक्याचा गोटा करून परत आलो. त्याच आठवड्यात तोही अगदी बारीक केस करून आला. लाइनवर कुणीतरी विचारलं, “काय भावा, लईच उकडतंय वाटतं?” तो म्हणाला, “व्हय, लई उकडतंय.” थंडीचे दिवस होते.

तंबाखू त्याला मी लावली. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याला झोप यायची. लेथवर पेंगणारा माणूस बोट घालवतो. म्हणून मी त्याच्या तळहातावर चिमूट ठेवली, चुना किती घ्यायचा, मळायची किती आणि थापटून धूळ कशी उडवायची ते दाखवलं. त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत राहिली. पुढे निवृत्त होईपर्यंत आम्ही एकाच पुडीतली खाल्ली. पुडी कुणाकडे असायची ते शिफ्टवर अवलंबून.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या खालच्या हिरडीवर जखम झाली. ती भरेना. पुढे ऑपरेशन झालं. जबड्याचा एका बाजूचा तुकडा गेला, त्यासोबत दात गेले, छातीवरची कातडी आणून गालाला लावली. त्याला तिथे अधूनमधून केस येतात, तो ते कात्रीने कापतो. बोलतो, पण शब्द सांडतात. तो कुरुळीत राहतो, मी मुलाकडे पिंपळे सौदागरला. तंबाखू तीच होती, पुडी तीच होती, मी तर त्याच्या चार वर्षं आधी सुरुवात केलेली. माझ्या तोंडात काही नाही. मी डॉक्टरांना विचारलं, असं कसं? ते म्हणाले, नशीब. रिजेक्शनचं कारण म्हणून हा शब्द मी कुठल्याही रिपोर्टवर चालवून घेतला नसता.

म्हणून आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये ती मुलगी आली तेव्हा मी पुढच्या खुर्चीत बसलो. एका संशोधन संस्थेत ती पीएचडी करत होती. तिला अशी वयस्कर माणसं हवी होती, ज्यांनी वर्षानुवर्षं तंबाखू खाल्ली आणि तरी ज्यांना तोंडाचा कॅन्सर झालेला नाही. आमच्या ज्येष्ठांच्या गटात हे ऐकून आनंदाचं वातावरण पसरलं. तंबाखूमुळे कुठेतरी पात्र ठरण्याची ही पहिलीच वेळ.

“आमच्या रक्तात बघणार काय?” कुणीतरी विचारलं.

ती म्हणाली, पेशीत जनुकं असतात, म्हणजे सूचना. सूचनेची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात; ती नक्कल घेऊन पेशी प्रथिनं बनवते. पण काही आरएनए फार लहान असतात, वीस-बावीस अक्षरांचे. त्यांच्यापासून काहीच बनत नाही. ते नुसते त्या नकलांवर जाऊन बसतात आणि काम थांबवतात.

“म्हणजे क्वालिटीवाले!” मागून आवाज आला. तो गृहस्थ आयुष्यभर प्रॉडक्शनला होता. “स्वतः काही बनवायचं न्हाई, आमचं मात्र आडवायचं.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मुलगीही हसली. “तसंच म्हणा काका. पेशी वाढू दे म्हणणाऱ्या सूचना असतात, त्यांना हे आवरून धरतात. पण माणसामाणसांत अक्षरांचा फरक असतो. बावीसातलं एक अक्षर वेगळं असलं की त्या तुकड्याची पकड सैल होऊ शकते, किंवा तो तुकडाच कमी तयार होतो. थांबायला हवं ते चालू राहतं.”

“गेज झिजलेला,” मी म्हणालो.

“झिजलेला नाही काका, जन्मतःच तसा. आणि दर वेळी दोष तुकड्यातच असतो असंही नाही. तो जिथे चिकटतो त्या जागेतलं अक्षर वेगळं असलं तरी तेच होतं.”

म्हणजे एक तर गेज वेगळा, नाही तर भोक वेगळं. मला तेव्हाच सगळं समजलं असं वाटलं. “मग ज्याच्यात ते अक्षर असेल त्याला कॅन्सर होणार?”

“नाही ना. तेच अक्षर धडधाकट माणसांतही सापडतं. त्याने धोका जरासा इकडेतिकडे होतो, बस. खरंच होतो का, हे कळायला आजारी माणसं आणि तुमच्यासारखी माणसं शेजारी शेजारी ठेवून मोजावं लागतं. म्हणून तुम्ही हवे आहात.”

नोकरी सुटल्यापासून मी कुणाला हवा होतो असं झालं नव्हतं. मी बाही वर केली.

रक्त दिल्यावर फॉर्म. तिने वय विचारलं, तंबाखू किती वर्षं ते विचारलं. मग आई, वडील, सख्खी भावंडं, मुलं, यांच्यात कुणाला कॅन्सर? मी म्हणालो, आई-वडील म्हातारपणाने गेले, एक मुलगा आहे.

“भाऊ-बहीण?”

“नाही.”

तिने ‘नाही’वर खूण केली. मी खाली सही केली. माझ्या भावाचं रक्त तिनेच महिनाभर आधी हॉस्पिटलमध्ये घेतलं होतं, आजारी लोकांच्या गटासाठी. तो मला तसं बोलला होता. मी विसरलो नव्हतो. फसवावं असंही मनात नव्हतं. पन्नास वर्षं या प्रश्नाला मी हेच उत्तर देत आलो होतो, आणि ते कागदाला धरून होतं.

इथपर्यंत झालं ते माझ्या एकट्याच्या मनाला लागलं असतं, आणि मनाला लागलेल्या बऱ्याच गोष्टी घेऊन मी सुखाने जेवतो. प्रश्न मुलाचा आला.

मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे. कंपनीची कॅब येते, कॅब ट्रॅफिकमध्ये अडकते, अडकली की तो पुडी फोडतो. माझी साधी तंबाखू. त्याची सुपारीवाली, सुगंधी, चकचकीत पाकिटातली. गेल्या दिवाळीपासून तो ठेचा खाईना, तोंडात आग होते म्हणाला. मग एक दिवस खाली गाडीवर नातीला घेऊन आम्ही पाणीपुरी खायला गेलो, तेव्हा मी पाहिलं की तो पुरी फोडून, दोन तुकडे करून तोंडात सारतो आहे. पाणी हातावर सांडत होतं. माझ्या भावाने ऑपरेशनच्या वर्षभर आधीपासून भाकरीचा घास असाच चपटा करून घ्यायला सुरुवात केली होती. तेव्हा आम्ही त्याला हसलो होतो.

घरी आल्यावर मी म्हणालो, “तोंड दाखवून ये.”

“काही नाही हो बाबा. अक्कलदाढ असेल.”

“काकाचंही दाढेपासूनच सुरू झालं होतं.”

“काकांचं वेगळं. ते तुमच्या मामाकडचे. त्यांच्या घराण्यात असेल. आपल्यात नाही.” मग हसला. त्याचं हसूही जरा अरुंद झालेलं. “तुम्ही पंचेचाळीस वर्षं खाताय. तुमचं तर रक्त घेऊन गेले निरोगी म्हणून. सर्टिफाइड बाप आहे माझा.”

शब्दाला शब्द लावून हेच वाक्य मी त्याच्यासाठी तयार करून ठेवलं होतं, त्याने ते फक्त वापरलं. आणि मी गप्प बसलो तो एक-दोन दिवस नाही. अडीच महिने. हे लिहिताना आकडा कमी करायचा मोह झाला होता.

शेवटी उठलो आणि सगळ्यात आधी कुरुळीला गेलो. भावाला विचारल्याशिवाय सांगणं बरं वाटेना. त्याला पुन्हा आपला म्हणणार नाही, असा आईने मामीला शब्द दिला होता, मोडायचा तर दोघांनी. तो ओट्यावर कापडाने गाल पुसत बसला होता. मी सगळं सांगितलं: फॉर्म, मुलाचं तोंड, पाणीपुरी.

“फॉर्मवर काय लिवलंस?” त्याने विचारलं.

“भाऊ नाही म्हणून.”

“सही केली?”

“केली.”

त्याचे खांदे हलायला लागले. हसला की त्याला गाल हाताने धरावा लागतो. “क्वालिटीवाला,” तो म्हणाला. “खरं लिवायचं व्हतं तवा म्हनला, खोटं लिवनार न्हाई. आन् आता डोळं झाकून खोटं लिवलं.”

मी आईच्या रजेचा विषय काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणालो, तेव्हा चुकलं.

“चुकलंच,” तो म्हणाला. मला वाटलं होतं तो जाऊ दे म्हणेल. म्हणाला नाही. आतून पाणी आणलं, मला दिलं, आणि म्हणाला, “पोराला माज्याकडं घिऊन ये. मी आ करून दावतो. तुज्या सांगन्यानं न्हाई ऐकायचा त्यो.”

पण मुलाला तिकडे नेण्याआधी मी त्या मुलीच्या संस्थेत गेलो, आणि ही माझी आणखी एक चूक. माझा हिशोब असा होता: ती दोन्ही रक्तं तपासून सांगेल की दोघा भावांत ते अक्षर एकच आहे, मग मुलाचंही रक्त तपासेल, मग मी तो रिपोर्ट मुलापुढे ठेवीन. बोलण्यापेक्षा रिपोर्ट ठेवणं मला सोपं जातं.

तिने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, पण कपाळ चोळलं.

“काका, माणसामाणसांत जी अक्षरं बदलतात त्यांतली साधारण निम्मी सख्ख्या भावंडांत सारखी असतात. आजारी माणसाचा भाऊ निरोगी गटात बसला की जो फरक मी शोधतेय तोच पुसट होतो. तुमचा नमुना बाद करावा लागेल.”

“करा.”

“तुमच्या गटातले आणखी कुणी असे आहेत का?”

“माझ्या माहितीत नाही. पण तुम्ही भावंडं असं विचारू नका. आमच्यात दत्तक दिलेलं पोर भावंडांत धरत नाहीत. एका आईच्या पोटची किती, असं विचारा.”

तिने ते लिहून घेतलं. मग मी मुलाच्या रक्ताचं काढलं. ती म्हणाली, या अभ्यासात एकेकाचा निकाल देत नाहीत, आणि दिला तरी उपयोग नाही. त्या अक्षराने पडला तर बारीकसा फरक पडतो, पुडीने पडतो तो केवढा तरी. “अक्षर चांगलं निघालं तर तुमचा मुलगा आणखी दोन पुड्या खाईल. तोंड पूर्ण उघडतं त्याचं?”

“नाही. पुरी फोडून खातो.”

तिने पेन खाली ठेवलं. “कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“मग काका, तुम्ही इथे काय करताय?”

मी उठलो आणि पिंपळे सौदागरला परत आलो. त्या दिवशी मुलगा घरूनच काम करत होता. चहाच्या आधीच सांगितलं, कारण चहा झाल्यावर मी पुन्हा पुढे ढकललं असतं.

“काका माझा सख्खा भाऊ आहे. एका आईचे आहोत आम्ही. दत्तक गेला होता.”

त्याने मोबाइल खाली ठेवला. “मग मामेभाऊ?”

“कागदावर.”

“आजी गेली तेव्हा काका दुसऱ्याच दिवशी परत गेले, म्हणून तुम्हीच आईला सांगत होता, परका तो परकाच. मी ऐकलंय ते. लहान होतो मी.”

मी तसं म्हणालो होतो हे मला आठवत नाही. त्याला आठवतं म्हणजे म्हणालो असणार.

“आणि मला आज सांगताय.”

“तुझं तोंड उघडत नाही म्हणून सांगतोय. घराण्यात नाही असं तू समजतोस. आहे. काकाला तंबाखू मी लावली, आणि तू माझी बघून लागलास. माझं रक्त त्यांनी बाद केलंय. आता मी सर्टिफाइड नाही.”

“तोंडात तीन बोटं उभी घाल,” मी म्हणालो. तोंड नीट उघडत असेल तर तिन्ही आत जातात, असं चित्र हॉस्पिटलच्या भिंतीवर पाहिलं होतं. त्याने आधी वाद घातला, मग घातली. दोनच गेली, तीही ओढून. त्याने बोटं बाहेर काढून त्यांच्याकडे पाहिलं, जणू बोटं जाड झाली असावीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुरुळीला गेलो. भावाने दिलेल्या शब्दाप्रमाणे खिडकीशी बसून आ करून दाखवलं. मुलगा बाहेर जाऊन पायरीवर बसला. तिथून आम्ही थेट हॉस्पिटलला गेलो.

तपासायला मुलाच्या गालाच्या आतला तुकडा काढला. आठ दिवसांनी निकाल आला. कॅन्सर नाही. पण तोंडाची आतली कातडी आखडत चालली आहे, तिथून पुढे तो होऊ शकतो. दर तीन महिन्यांनी दाखवायचं, आणि सुपारी, तंबाखू त्या दिवसापासून बंद. मीही सोडली. आता मला सकाळी पोट साफ व्हायला त्रास होतो. याबद्दल घरात कुणाला विशेष वाईट वाटलेलं नाही.

तोंड पुन्हा उघडावं म्हणून डॉक्टरांनी त्याला लाकडी पट्ट्या दिल्या आहेत, आइस्क्रीमच्या काडीसारख्या. त्यांची गड्डी करून दातांत धरायची आणि पंधरा मिनिटं बसायचं. जमेल तशी एकेक पट्टी वाढवायची. अठरापासून सुरुवात केली होती, सध्या बावीस आहेत. संध्याकाळी तो सोफ्यावर दातांत ती गड्डी धरून बसतो. डोळ्यांत पाणी येतं, लाळ गळते, म्हणून मांडीवर रुमाल.

त्याला मला बरंच विचारायचं आहे. पण गड्डी दातांत असली की बोलता येत नाही, त्यामुळे मी मोबाइलवर वेळ लावतो, समोर बसतो आणि सुरुवातीपासून सांगतो. दीड वर्षाच्या पोराला नवं अंगडं घातलं होतं ते, मातीच्या दिवशीचं, थंडीत बारीक केलेल्या केसांचं. मधे त्याला काही खटकलं की तो हात वर करतो आणि बोटाने तीच गोष्ट परत सांगायला लावतो. मी परत सांगतो. पंधरा मिनिटं झाली तरी गेले दोन-तीन दिवस तो गड्डी काढत नाही.